आधी पाहणी, मग चहा

तात्यांच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स आमच्या चौकात लागलाय. अख्खा बसथांबा झाकलाय त्यानं. वर तात्या हात जोडून हसतायत आणि खाली लिहिलंय, 'ठिबक सिंचन दारोदारी पोचवणारे जलदूत'. गौरव अंक निघणार आहे म्हणे. परवा दोघं कार्यकर्ते घरी आले. म्हणाले, "मारुतीअण्णा, गावातल्या पहिल्या ठिबकांतलं एक तुमच्या रानात बसलं. तात्यांची एखादी आठवण लिहून द्या. चार ओळी चालतील."

मी चौथी शिकलोय. लिहायला वेळ लागतो, पण लिहितो. आता वेळच वेळ आहे, हौसा गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. फक्त आठवण तात्यांची नाही. गावात ठिबक आणलं निमकरबाईंनी. त्या बाईंना ज्यांनी गावातून घालवलं त्यात पुढं तात्या होते, आणि त्यांच्याविरुद्धच्या अर्जावर तिसरी सही माझी आहे. छापायचं तर हे छापा.

आमचं गाव मांजरीच्या पुढं. आता त्याला पुणं म्हणतात. तेव्हा उसाचं रान होतं आणि पाटाचं पाणी. पाणी कसं, तर पाटाच्या तोंडाला ज्याचं रान त्याचा ऊस पोहत होता आणि शेपटाला ज्याचं त्याच्या विहिरीत बेडूक मरत होते. आम्ही शेपटाला. सरकारनं पाणी वाचवायला ठिबकाला अनुदान काढलं. नियम साधा होता. आधी रानात नळ्यांचा संच बसवायचा, मग कृषी खात्याच्या माणसानं बांधावर येऊन पाहायचं, त्याची सही झाली की अनुदान.

तो माणूस म्हणून आमच्याकडं बाई आली. कृषी सहायक. कर्वेनगरवरून मोपेडवर यायच्या. सुती साडी, डोक्याला रुमाल, पाठीला शाळेच्या पोरांसारखं दप्तर. पहिल्या दिवशी तात्यांनी पंचायतीत खुर्ची मांडली, चहा, भजी सगळं. बाई उभ्याच राहिल्या.

"आधी पाहणी, मग चहा," म्हणाल्या.

तात्या हसले. "अहो बाई, पाहणी काय पळून जाती का?"

"पाहणी नाही जात. नळ्या जातात. मागच्या गावात गेल्या होत्या."

पंचायतीत कुणी हसलं नाही. मी हसलो, आणि तात्यांनी माझ्याकडं बघितलं म्हणून थांबलो. माझं सगळं आयुष्य असंच गेलंय, ते जाऊ द्या.

बाई बांधावर आल्या की चपला काढायच्या. अनवाणी रानात शिरायच्या, काट्याकुट्याची पर्वा नाही. दप्तरात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं ते मापाचं टोपण असायचं. नळीतून थेंब पडतो त्या ड्रिपरखाली ते धरायच्या आणि मनगटावरच्या घड्याळात बघत बसायच्या. टोपण किती वेळात भरतंय ते वहीत. एका ड्रिपरला नाही, रानाच्या चार कोपऱ्यांना आणि मधोमध. उन्हात. शेतकरी बोलायला लागला की हात वर करायच्या. थेंब मोजताना बोललेलं त्यांना चालायचं नाही. कुणी फाइल पुढं केली की म्हणायच्या, "कागद मला दाखवू नका हो, कागद माझ्याकडे ऑफिसात पुष्कळ आहेत. पाणी दाखवा."

बाई गोड नव्हत्या, हेही सांगतो. गौरव अंकात सगळे गोड असतात, म्हणून सांगतो. समोरच्याला चारचौघांत सोलायच्या. एकानं फिल्टर न बसवता संच चालू केला, नळ्या गाळानं तुंबल्या, तर त्याला म्हणाल्या, "तुम्ही चहा गाळून पिता ना? का पत्तीसकट?" तो गरीब माणूस. त्याच्या सुना तिथंच उभ्या होत्या. हौसानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, तुमचं खरं हाय, पर माणसाला घरी जाऊन जेवायचं असतं." बाई तिच्याकडं बघत राहिल्या. पुढच्या खेपेला त्या माणसाच्या रानात स्वतः बसून फिल्टर धुऊन दिला. माफी नाही मागितली. जाळी घासली.

हौसा माझी बायको. दोघींचं तिथून जमलं. आमच्या रानात पेरू लावायचा तिचा हट्ट होता आणि विहिरीत पाणी नव्हतं, म्हणून ठिबक. बाईंनी आमची फाइलसुद्धा पहिल्यांदा परत पाठवली, शेवटच्या ओळीत टोपण भरायला वेळ लागतो म्हणून. मी शिव्या दिल्या. हौसा म्हणाली, "शेवटच्या झाडालाबी तहान लागती. बरोबर हाय त्यांचं." उतार बघून पुन्हा नळ्या टाकल्या. मग भरलं टोपण. मग सही. मग बाईंनी आमच्या ओट्यावर बसून चहा घेतला, दोन कप, आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे."

हौसाला सही त्यांनीच शिकवली. सातबाऱ्यावर तिचं नाव होतं आणि ती अंगठा लावायची. बाई म्हणाल्या, "हौसाबाई, अंगठा कुणीही धरून उमटवतं. सही धरून करता येत नाही." ठिबकाच्या माहितीपत्रकाच्या मागं पंधरवडाभर ही गिरवत होती. भाकरी करता करता पिठात बोटानं लिहायची. मी म्हणलं, भाकरीवर सही करून वाढ आता. तर म्हणाली, "करीन. म्हंजी कुणी खाल्ली ते कळंल."

आता नखपॉलिशची गोष्ट. हिच्यासाठीच तात्यांना ठिबकाचे जलदूत म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.

तात्या आणि पुण्यातला एक नळ्यांचा दुकानदार यांनी मिळून एकच संच आणला. एक. तो ट्रॅक्टरवर घालायचे, ज्याची पाहणी त्याच्या रानात पसरायचे, फोटो काढायचे, पाहणी झाली की गुंडाळून पुढच्याच्या रानात. शेतकऱ्याला अर्धं अनुदान फुकट, अर्धं दुकानदार आणि तात्या. पाण्याचा एक थेंब वाचला नाही, ऊस पूर्वीसारखाच पाटात लोळत होता. आधीच्या साहेबाच्या काळात निम्मं गाव असंच 'ठिबकाखाली' आलं होतं. कागदावर आम्ही मोठे पाणी वाचवणारे.

बाईंना संशय होता, पण काळी नळी सगळीकडं सारखीच. खूण करायला त्यांनी ऑफिसात रंगाचा डबा मागितला. मागणीचा कागद टेबलावर पडून राहिला. शेवटी तुळशीबागेत जाऊन स्वतः लाल नखपॉलिशची बाटली घेतली. गावच्या बायका कुजबुजायला लागल्या, बाईंच्या दप्तरात नखपॉलिश हाय म्हणून. बाईंची नखं मुळापासून कापलेली, त्यात माती. त्यांनी लावली असती तरी दिसली नसती.

सोमवारी तात्यांच्या चुलतभावाच्या रानात पाहणी झाली. बाईंनी सगळं मोजलं, वहीत लिहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं तेव्हा तिसऱ्या ओळीच्या सांध्याखाली एक लाल ठिपका दिला. गुरुवारी वरच्या आळीतल्या रानात पाहणी. बाई चपला काढून थेट तिसऱ्या ओळीशी गेल्या, खाली बसल्या, सांधा उलटा केला. लाल ठिपका.

"काय हो," त्या मालकाला म्हणाल्या, "ही नळी सोमवारी खालच्या रानात होती. इकडे पायी आली का यष्टीनं?"

मालक घामाघूम. म्हणाला, "बाई, पाव्हणी आलीय."

"बरं. मग पाहुण्यांना अनुदान नसतं."

तात्या तिथंच होते. बाईंनी त्यांच्यासमोर वहीत लिहिलं, वही मिटली आणि मोपेडला किक मारली. त्या एका आठवड्यात सगळे प्रस्ताव त्यांनी लाल शेरा मारून परत पाठवले. चहा कुणाकडंच घेतला नाही.

मग तात्यांनी अर्ज लिहिला. म्हणजे लिहवून घेतला, सुबक अक्षरात. निमकरबाई पाहणीसाठी पैसे मागतात, शेतकऱ्यांना अपमानास्पद बोलतात, स्त्री असून वर्तन बरोबर नाही. हे तिसरं का घातलं ते विचारलं मी. तात्या म्हणाले, "असू दे रे. वजन पडतं."

आता नीट वाचा. पुष्कळ जण पुढं सांगत फिरले की कशावर सही घेतली ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी वाचता येणारा माणूस. ओळ न् ओळ वाचली. बाईंनी माझ्याकडं चहाशिवाय काही मागितलेलं नव्हतं आणि त्यातही साखर कमी म्हणाल्या होत्या. पण पाणीवाटपाच्या कमिटीवर तात्या. त्यांनी एवढंच म्हणलं, "मारुती, या उन्हाळ्यात शेपटाला पाण्याची पाळी पोचायची न्हाई असं दिसतंय बघ." आणि पेन पुढं केलं. मी सही केली. कुणी हात धरला नव्हता. सही धरून करता येत नाही.

मग तात्या म्हणाले, सातबाऱ्यावर बायकोचं नाव हाय, तिचीबी घ्या. घरी आलो सगळे. हौसा गोठ्यात होती. तात्यांनी कागद पुढं केला.

हौसा म्हणाली, "काय लिवलंय?"

मी सांगितलं. तोंड खाली घालून सांगितलं.

"मला सही येत न्हाई," हौसा म्हणाली.

मी गाढव. मी म्हणलं, "येती की. बाईंनी शिकवलीय."

"इसरले."

"मग अंगठा दे वैनी," तात्या म्हणाले.

हौसानं दोन्ही हात शेणाच्या पाटीत घातले, पार कोपरापर्यंत, आणि वर काढून त्यांच्यापुढं धरले. "घ्या. कुठला पायजे त्यो घ्या."

शेण कागदावर टपकायला लागलं तसे तात्या मागं सरकले. गेले. हौसा हात न धुता तशीच शेणी थापत बसली. माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी कोथरूडला बहिणीकडं जाऊन येते म्हणाली आणि गेली.

चौकशी शाळेच्या व्हरांड्यात झाली. वरचे साहेब आले होते, गाडीतून. एकेक शेतकरी उठायचा आणि म्हणायचा, मागितले. किती मागितले ते प्रत्येकाचं वेगळं. साहेब लिहून घेत होते, त्यांनाही घाई होती. माझी पाळी आली. मी म्हणलं, "ऐकलंय तसं." भेकडाची साक्ष असते ती. खोटंही नाही, खरंही नाही.

बाई एका बाजूला बसल्या होत्या, दप्तर मांडीवर. साहेब म्हणाले, "तुम्हाला यांना काही विचारायचंय?" बाकी कुणाला त्यांनी काही विचारलं नव्हतं. मला विचारलं.

"मारुतराव, तुमच्या शेवटच्या ओळीत टोपण किती वेळात भरतं?"

मी खटकन सांगितलं. पहिल्या ओळीत किती, शेवटच्या ओळीत किती. रोज बघायची सवय लागली होती, त्यांनीच लावली होती.

"झालं," बाई साहेबांना म्हणाल्या. "बाकी कुणालाही हाच प्रश्न विचारून बघा. एकालाच येतंय."

साहेबांनी विचारला नाही. वही मिटली. पंचायतीत जेवण होतं, मटण होतं, पाहणीच्या आधीच. महिन्याभरात बाईंची बदली झाली, घाटाखाली, पार लांब. वेतनवाढ रोखली असं ऐकलं. गावचे सगळे प्रस्ताव पास झाले. तोच संच, तोच लाल ठिपका, पंचवीस रानं फिरला. आम्हाला त्या उन्हाळ्यात पाळी मिळाली. एकदा. पुढच्या वर्षी तात्या विसरले.

आणि ह्या माणसाला जलदूत म्हणता तुम्ही. तुमच्या नव्या सोसायट्यांना टँकर कुणाचे येतात ते तरी बघा एकदा. टाकीवर नाव लिहिलंय.

पुढचं थोडक्यात. शहर आलं, रानं गेली. आमचंही गेलं. त्या जागी बिल्डिंग आहे आणि तिच्यात दुसऱ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची जागा. कागद करताना हौसा अडून बसली होती, एक पेरूचं झाड ठेवायचं, नाहीतर सही नाही. बिल्डर हसला, पण ठेवलं. पार्किंगच्या मागं आहे. त्याला शेवटपर्यंत ती जुनी नळी लावून पाणी द्यायची. दर संक्रांतीला त्याचे पेरू कापडी पिशवीत भरायची आणि कोथरूडला बहिणीकडं जायची. येताना पिशवीतून खोबऱ्याच्या वड्या आणायची. वड्यांत साखर कमी असायची. मी म्हणायचो, तुझ्या बहिणीचा हात आखडता आहे. ती डबा पुढं सरकवायची. मी तीन तीन खायचो.

गेल्या श्रावणात हौसा गेली. शेवटचे दोन दिवस तापात होती. म्हणाली, "पेरू पोचवा बाईंस्नी." मी म्हणलं, कुठल्या बाई? पेरू कुठं आत्ता? बरळतेय असं वाटलं. कपाळावर पट्टी ठेवली.

थंडीत पेरू पिकले. संक्रांत होऊन गेली तरी मी झाडाखाली गेलो नाही. मग खाली पडायला लागले, वॉचमन झाडून कचऱ्यात टाकायला लागला, ते बघवेना. पेरू काढले. तिची कापडी पिशवी शोधली. तिच्या आतल्या कप्प्यात एक चिठ्ठी होती, मोडून मोडून पिठासारखी झालेली. त्यावर कर्वेनगरचा पत्ता. अक्षर मी ओळखलं. फाइलवर पुष्कळ बघितलेलं.

दोन बस बदलून गेलो. वाटेत एकच वाक्य घोकत होतो, तिसरी सही माझी होती, तिसरी सही माझी होती. माझ्याशेजारी बसलेल्या माणसाला वाटलं असेल म्हातारा कामातून गेला.

जुनी तीनमजली इमारत. बाईंनी दार उघडलं. केस पांढरे, पाठ वाकलेली, नखं मुळापासून कापलेली. माझ्याकडं बघितलंच नाही. पिशवीकडं बघितलं.

"यंदा उशीर केला," म्हणाल्या. "आणि त्या कुठायत? जिना चढवत नाही का आता? थांबा, मी येते खाली."

आणि चपला शोधायला लागल्या.

मला तिथं कळलं. कोथरूडची बहीण. वड्या. इतक्या संक्रांती. माझ्या घरातून दर वर्षी माझी बायको माझ्या सहीचं प्रायश्चित्त घ्यायला जात होती आणि मी वड्यांना नावं ठेवत होतो.

"हौसा खाली न्हाई," मी म्हणलं. "हौसा गेली. श्रावणात."

बाईंची एक चप्पल पायात होती, एक हातात. तशाच उभ्या राहिल्या. दाराच्या चौकटीला टेकल्या. रडल्या नाहीत. हातातली चप्पल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मला कळवायला हवं होतं कुणी."

"मला ठाऊक नव्हतं ती इथं येती ते."

"हो. म्हणाल्या होत्या. तुम्हाला लाज वाटेल म्हणून सांगत नाही म्हणाल्या."

मग मी ते वाक्य म्हणलं. घोकलेलं, तरी तीनदा अडखळलो.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "अर्जाची प्रत मला दिली होती. तुमची सही सगळ्यांत स्वच्छ होती. वाचून केल्यासारखी."

"वाचूनच केली."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. त्या ड्रिपरकडं बघायच्या तसं.

"मग हे मला जिन्यात सांगून काय उपयोग? सही गावात केलीत. गावात सांगा."

पेरू त्यांनी घेतले. एकेक करून, देठाला धरून, टोपलीत ठेवले. मला आत या म्हणाल्या नाहीत. मी उभा होतो तसा उभा. आतून गॅसवरच्या भांड्याचा आवाज आला, दूध उतू गेल्याचा वास आला. बाई म्हणाल्या, "चहा विचारत नाही. अजून पाहणी व्हायची आहे."

आणि पिशवी परत दिली. आपल्यात दिलेलं भांडं, पिशवी कुणी रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी टाकतात. बाईंना काय हे ठाऊक नव्हतं? पिशवी झटकली, चौपदरी घडी केली आणि माझ्या हातावर ठेवली.

"वड्या त्यांच्यासाठी असायच्या," म्हणाल्या आणि दार लावलं.

खाली रस्त्यावर येऊन वर बघितलं. गॅलरीत कुंड्यांची रांग, आणि कुंड्यांना सलाइनच्या नळ्यांचं ठिबक केलेलं. बाई शेवटच्या कुंडीशी वाकल्या होत्या. एका हातात टोपण, डोळे घड्याळावर. मी हात वर केला. त्यांनीही केला. मला वाटलं, निरोप देतायत. मग आठवलं, थेंब मोजताना कुणी बोललं की त्या असाच हात वर करायच्या.